समुद्राला सातबारा नसतो, मग आमची कव कुणाची?

प्रश्न : रायगड जिल्ह्यात खाडीच्या मुखाशी आम्ही तीन पिढ्या डोल, म्हणजे खुंटांना बांधायचे पिशवीसारखे जाळे, लावतो. त्याचे खुंट आजोबांच्या वेळेपासून त्याच ठरलेल्या जागांवर, म्हणजे आमच्या कवींवर, मारतो. या हंगामात एका खासगी जेट्टीवाल्या कंपनीने तिथे बोये (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) टाकले. त्यांचा सुपरवायझर म्हणतो, "हा बार्जचा, मालवाहू तराफ्यांचा, मार्ग आहे. खुंट उपटा, वीस हजार घ्या, सही करा." जागेचा एकही कागद आमच्याकडे नाही. काय करावे?

उत्तर : दादा, आधी सही थांबवा. अशा कागदात शेवटी कुठेतरी 'यापुढे आमचा कसलाही हक्क-दावा राहणार नाही' असे वाक्य हटकून असते आणि वीस हजार त्याचेच असतात. कागदाचा फोटो मात्र काढून ठेवा. कंपनी तुमचा वापर मान्य करते, याचा तो पुरावा आहे.

मालकीचे म्हणाल तर समुद्राचा तळ तुमचा नाही, तसा कंपनीचाही नाही. तुमचा हक्क आहे तो वहिवाटीचा. ओहोटीच्या रेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत वर्ग चारमध्ये येते आणि तिथे स्थानिकांच्या पारंपरिक मासेमारीला मुभा आहे. किनारा व्यवस्थापन आराखड्यात मासेमारीची क्षेत्रे दाखवावीत, अशीही अपेक्षा आहे. तुमच्या गावाचा नकाशा बघा. तुमची जागा त्यात कोरी दिसली, तर जेट्टीचा अर्ज करणाऱ्याला 'तिथे कुणीच नव्हते' म्हणायला मोकळे रान मिळते. युरोपात अनेक देश पवनचक्क्या, जहाजे, मासेमारी सगळ्यांच्या जागा आधी नकाशावर मांडतात. आपल्याकडे तसा प्रयोग नॉर्वेच्या साहाय्याने पुद्दुचेरी आणि लक्षद्वीपला सुरू झाला. रायगडच्या कोळ्याला तूर्त स्वतःच्या कवींचा नकाशा स्वतःच करावा लागणार.

बंदराच्या अधिसूचित हद्दीत जलमार्गातला अडथळा काढायचा आदेश बंदर अधिकारी देऊ शकतो, सुपरवायझर नाही. म्हणून महाराष्ट्र सागरी मंडळाकडे माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा : हद्दीची अधिसूचना, जेट्टीची परवानगी आणि बोये टाकायचा आदेश. बोये कापायचा मोह आवरा, फौजदारी गुन्हा तुमच्यावरच लागेल.

आता मुदत. पर्यावरण मंजुरी नुकतीच दिली असेल, तर हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस असतात. सबळ कारण दाखवले तर आणखी ६०. त्यानंतर ते दार बंद. भरपाईच्या अर्जाला ५ वर्षे आहेत, पण तेवढे थांबून काय मिळवणार? फेब्रुवारी २०१५ मध्ये याच न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठाने उरण-पनवेलकडच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला होता. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याला अशा भरपाईचे धोरण करायला सांगितले. तेव्हा तुमचे म्हणणे कोर्टाला नवीन नाही.

शिवाय बोलणी फक्त पैशाचीच असतात असे नाही. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या पुलाखालून होड्या जायला दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवले होते. वरळीचे कोळी अडून बसले, शेवटी ते १२० झाले. तुमच्याकडेही बार्जची वाट थोडी सरकवून कवी वाचत असतील, तर आधी तेच मागा. गेलेल्या कवींचे पैसे मिळतील, पण दुसरी जागा मिळेलच असे नाही. शेजारच्या गावाच्या कवी आधीच तिथे असतात, ते मी तुम्हाला काय सांगू!

पुरावा म्हणून नौकेचे नोंदणीपत्र, मासेमारी परवाना, सोसायटीचे सभासदत्व, डिझेल कोट्याची नोंद आणि बोंबील-जवळ्याच्या विक्रीच्या पावत्या काढा. जवळा वाळवणाऱ्या घरच्या बायकांची नावे अर्जात घालाच. तीच नेहमी राहून जातात. आजोबा देवळाचा कळस आणि डोंगराचा कडा एका रेषेत धरून कव शोधत असतील, तर तेही होडी चालवणाऱ्या जुन्या तांडेलांच्या प्रतिज्ञापत्रात येऊ द्या. मी अशा खुणा सर्वांत आधी वाचतो.

सोसायटीचा ठराव घेऊन मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे पंचनाम्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. येत्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या दिवसांत, पाण्याला ओढ नसेल, तेव्हा त्यांना होडीत घेऊन जा आणि एकेका खुंटाशी थांबून जीपीएसची नोंद करून घ्या. बोये कुठे आहेत, तेही त्याच पंचनाम्यात लिहवा.