वहीतले ‘नाही’

प्रश्न : पाळकसाहेब, प्रभूच्या नावाने सलाम. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. शाळा कन्नडमधून झाली, लग्नानंतर बेळगावच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आले. महिलांच्या प्रार्थना सभेत माझी पाळी आली की निम्मं लक्ष माझ्याच शब्दांकडे असतं. मराठी चुकलं का? बायका काय म्हणतील? घरी एकटी असतानाही तेच. आज मन लागलं का, डोळ्यांत पाणी आलं का, ते मी रोज वहीत लिहिते. बहुतेक पानांवर ‘नाही’. रात्री झोपही लागत नाही. माझा विश्वास खरा आहे का?
– एक भगिनी, बेळगाव

उत्तर : सलाम, ताई. आधी ती वही बंद करा. प्रार्थना संपते न संपते तोच तिला गुण द्यायला बसलं की परीक्षेला आपण, तपासायलाही आपणच. देवाला त्यात कामच उरत नाही.

आता बायबलमधलं स्तोत्र 77 उघडा. आसाफ या स्तोत्रकाराचं आहे. त्यालाही झोप नाही, आणि माझे डोळे तूच मिटू देत नाहीस अशी तक्रार तो थेट देवाकडेच करतो. पहिल्या दहा वचनांत ‘मी’ आणि ‘माझे’ किती वेळा येतं ते बघा. देव कृपा करायला विसरला का, इथपर्यंत त्याची मजल जाते. अकराव्या वचनात तो देवाची पूर्वीची कृत्यं आठवू लागतो. मग खवळलेलं पाणी, गडगडाट, समुद्रातून निघालेली वाट, मोशे आणि अहरोन यांच्या हातून कळपासारखे चालवलेले लोक. सोळाव्या वचनापासून ‘मी’ एकदाही नाही. स्तोत्र तिथेच थांबतं! आसाफाला झोप लागली का, मन हलकं झालं का, काही कळत नाही. मला हे स्तोत्र आवडतं ते यामुळेच. रोज रात्री मोठ्याने वाचा, आणि आधी दहा वचनं भरून रडायचं असेल तर खुशाल रडा.

स्वतःला तपासत बसायची खोड जुनी आहे. पुढे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर 1505 मध्ये जर्मनीतल्या एरफुर्टच्या मठात गेला. तिथे तो एकेक पाप आठवून तासन्‌तास कबुली द्यायचा, तरी काहीतरी राहूनच गेलं असं त्याला वाटायचं. त्याचे वडीलधारे योहान स्टाउपिट्झ यांनी त्याला आणखी बारीक यादी करायला लावलं नाही. ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहा, म्हणाले.

विश्वास खरा का, हे विश्वासाकडेच टक लावून कळायचं नाही. मोशेच्या काळी अरण्यात साप चावलेल्या इस्राएली लोकांना, वाचायचं असेल तर खांबावरच्या पितळी सापाकडे पाहा, असं सांगितलं होतं (बायबलमधलं गणना, अध्याय 21). बघताना तुझे डोळे भरून आले का, असं कुणाला विचारल्याचं तिथे लिहिलेलं नाही. प्रभू येशूने निकदेम या यहुदी पुढाऱ्याशी बोलताना स्वतःच्या वधस्तंभासाठी हाच दाखला घेतला.

मात्र उद्यापासून ‘मी स्वतःला विसरले का’ हे तपासू नका. लूकच्या शुभवर्तमानात, अध्याय 18 मध्ये, येशूने मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या दोघांचा दाखला दिला आहे. त्यातला जकातदार, म्हणजे लोकांनी पापी ठरवलेला कर गोळा करणारा, हाही स्वतःबद्दलच बोलला, एकच वाक्य. पण ते दया मागणारं होतं. दुसरा, परुशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, मात्र देवासमोर उभा राहून आपले उपास आणि दशमांश (उत्पन्नातलं दहावा हिस्सा दान) मोजत होता, वर शेजारच्याकडे बोट दाखवत होता.

मराठीचं म्हणाल तर, सीमाभागात माणसं भाषेवरून एकमेकांना किती जोखतात ते तुम्हाला मी काय सांगू! तेवढं प्रार्थना सभेत तरी नको. कन्नड शब्द आला तर येऊ द्या. कुणी हसलंच तर पुढच्या वेळी तिचंही नाव घेऊन प्रार्थना करा. दुसऱ्यासाठी मागताना आपल्या आवाजाकडे लक्ष कमी जातं, हे मी मंडळीत पुष्कळदा पाहिलंय.

आणि ताई, झोपेचं असंच चालू राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. गोळी लिहून दिली तर घ्या. त्यात अविश्वास कसला? जाताना घरातल्या कुणाला तरी बरोबर न्या.