सही मागणारा मित्र

प्रश्न : माझा बालमित्र टेम्पोसाठी पतसंस्थेतून चार लाखांचं कर्ज काढतोय. मी सरकारी नोकरीत, म्हणून जामीनदार मीच हवा म्हणतो. माणूस चांगला आहे, पण मन धजत नाही. तुमच्या घरी वडीलधाऱ्यांनी अशा बाबतीत काही सांगितलं होतं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : सांगितलं होतं, आणि अगदी याच बाबतीत. आमचे अण्णा एका पतसंस्थेत वसुलीला होते. थकबाकीदाराच्या दाराला कुलूप दिसलं की त्यांची सायकल जामीनदाराकडे वळायची. तो सापडायचाच, नोकरी, पगार, पत्ता सगळं कागदावर. कित्येक घरांत नवरा जामीन राहिल्याचं बायकोला कळायचं ते अण्णा दारात उभे राहिल्यावर. त्या रात्री ते धड जेवत नसत. ‘पैसे द्यायचे तर दे, सही देऊ नको,’ हे आम्हा भावंडांना त्यांनी किती वेळा ऐकवलं असेल! बुडाले तरी चालतील एवढेच द्यायचे आणि परत मागायचे नाहीत. आत्याच्या यजमानांना त्यांनी सही नाकारली आणि त्याच संध्याकाळी बोनसचे पैसे नेऊन दिले. आत्या बरेच महिने बोलली नाही. तरी मला अण्णांचंच बरोबर वाटतं.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून घ्या, मग माझ्याकडे या’ हे चालत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली संस्थेला वसुलीचा दाखला मिळाला की पगारावरही टाच येऊ शकते.

आईचं सांगणं निराळं होतं : ‘नाही म्हणायचं तर आजच म्हण. माणूस आशेवर बसतो आणि दुसरीकडे विचारायचं राहून जातं.’ तेव्हा उद्याच मित्राच्या घरी जा, फोनवर उरकू नका. डाऊन पेमेंटला काही कमी पडतंय का विचारा, आणि झेपेल तेवढी भर घाला.

एवढं करूनही सही करायचीच ठरली, तर रक्कम, मुदत, व्याजदर भरलेला असल्याशिवाय करू नका. कारकून ‘सगळे करतात हो’ म्हणाला, तरी अण्णा ओळीखाली बोट फिरवत शेवटपर्यंत वाचत. तोवर पेनाचं टोपण निघत नसे. आणि कराराची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. घरात दाखवा.