आभार न मानण्याची रीत

प्रिय लेकीस,

अनेक आशीर्वाद. इंदूरहून परतल्यावर तू विचारलेस की, आजी आणि पेटीवाले काका इतकी वर्षे चर्चसाठी राबत असताना त्यांचे आभार कोणीच कसे मानत नाही. इथे टोरांटोत तर खुर्च्या मांडणाऱ्यांचीही नावे उपासनेच्या शेवटी घेतली जातात.

मराठी घरात पानात वाढणाऱ्या आईचे आभार कोणी मानत नाही, आणि मानलेच तर ‘मी काय परकी आहे?’ असे तीच विचारेल. मंडळीतही, म्हणजे चर्चच्या परिवारातही, हाच हिशेब चालतो. इंदूरमध्ये तो अधिक घट्ट झाला, याला कारण आहे. आपण ज्या कॅनडात राहतो, तिथल्याच प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनऱ्यांनी 1877 मध्ये इंदूरला काम सुरू केले. आपले पणजोबा नगर जिल्ह्यातून तिथे गेले ते मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून. पुढे मिशनरी परतले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा दारावरची पाटी बदलली. परंतु शनिवारी झाडलोट कोणी करायची आणि पेटी कोणी वाजवायची, हे कोणाला नव्याने ठरवावे लागले नाही. उपासना हिंदीत होऊ लागली तरी, ती सुटल्यावर आवारात रेंगाळणारी आपली चार घरे मराठीतच बोलत राहिली, आणि कामेही त्याच घरांत राहिली.

तू आजीला फक्त पेले धुताना पाहिलेस. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारची तिची तयारी शुक्रवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालण्यापासून सुरू होते. दुसऱ्या दिवशी त्या मंद आचेवर उकळून, हाताने कुस्करून, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळल्या की द्राक्षरस तयार होतो. मेजावरचा पांढरा कपडा ती घरच्या धुण्यात कधीही मिसळत नाही, आणि इस्त्री करताना मधली घडी नेमकी मेजाच्या मध्यावर येईल, अशी बेताने पाडते. उपासनेनंतर काका दानाची थैली घेऊन बसतात, तेव्हा दुसरा माणूस येईपर्यंत ते एका नाण्यालाही हात लावत नाहीत. दोघांनी मोजायचे, दोघांनी वहीत सही करायची. कापणीच्या सणाला लोकांनी आणलेले भोपळे, अंडी, मेथीच्या जुड्या यांचा लिलाव होतो तेव्हा बोली पुकारणारेही तेच; पन्नास रुपयांचा भोपळा तीनशेला कसा विकावा, हे त्यांच्याकडूनच शिकावे. (काकू मात्र तो लिलाव संपला की घसा बसलेल्या काकांना दोन दिवस बोलू देत नाहीत.)

ही रीत मला प्रिय असली तरी ती निर्दोष आहे, असे मी म्हणणार नाही. घरचेच माणूस म्हटले की त्याला सुट्टी नसते, त्याच्या हाताखाली कोणी तयार होत नाही, आणि गुडघे धरल्यावरच त्याचे वय सर्वांच्या ध्यानात येते. शिवाय वार्षिक अहवालात खजिनदाराचे नाव छापले जाते, मनुका उकळणारीचे नाही. बायबलमधल्या, प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय काढून पाहा. प्रिस्का आणि अक्विला यांचे तो उघड आभार मानतो. मरिया, पर्सिस, त्रुफैना, त्रुफोसा या स्त्रियांनी श्रम केले, एवढेच सांगून तो त्यांना सलाम पाठवतो. त्यांच्याविषयी दुसरी फारशी माहिती तिथे नाही, तरी त्यांची नावे टिकली आहेत. म्हणजे आभार मानल्याने माणूस परका होतो, ही समजूत पवित्र शास्त्रातून आलेली नाही. ती आपल्या ओसरीवरची आहे.

म्हणून मी पाळकसाहेबांना लिहिले आहे की यंदाच्या अहवालात महिला मंडळाच्या कामाबरोबर ते करणाऱ्यांची नावेही यावीत आणि तरुण संघातल्या दोघांनी आजीकडे शनिवारी जावे. आजीला हे कळले आहे. नाव छापण्याला तिची सक्त मनाई आहे; मुले पाठवण्याला मात्र हरकत नाही, फक्त त्यांनी मनुका निवडताना देठ राहू देऊ नयेत, असे तिने बजावले आहे.

तुझे बाबा