कंपनी विकली जाते की कंपनीतल्या वस्तू?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आम्ही एका छोट्या नव्या कंपनीची इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. गाडी चांगली चालते. पण आता शोरूमवाले सांगतात, की एक मोठी दुचाकी कंपनी हिला विकत घेणार आहे. खरेच घेईल का? आणि घेतली तर आमच्या बॅटरीच्या वॉरंटीचे काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मोठी कंपनी छोटीला विकत घेते, ती आपल्याकडे नसलेली एखादी गोष्ट आयती मिळावी म्हणून. कोइमतूरची अँपिअर ही इलेक्ट्रिक स्कूटर कंपनी २०१८मध्ये ग्रीव्ज कॉटनने घेतली. ग्रीव्जचा मोठा धंदा तीनचाकींच्या डिझेल इंजिनांचा होता आणि त्या इंजिनांची मागणी फार काळ टिकणार नाही हे दिसत होते. बंगळुरूच्या रेवा या इलेक्ट्रिक मोटार कंपनीत महिंद्राने २०१०मध्ये ५५.२ टक्के हिस्सा घेतला, कारण महिंद्राकडे तेव्हा स्वतःची इलेक्ट्रिक मोटार नव्हती. ओलाने २०२०मध्ये नेदरलँड्सची एटर्गो घेतली ती स्कूटरच्या आराखड्यासाठी, आणि १५ ऑगस्ट २०२१ला एस-वन ही स्कूटर बाजारात आणली.

तुमच्या कंपनीकडे असे काय आहे, हे आधी पाहा. बाहेरून आणलेले बॅटरीचे सेल, बाहेरून आणलेली मोटर आणि वर फक्त स्वतःचे स्टिकर असेल, तर प्रतिस्पर्ध्याला विकत घेण्याजोगे काही उरत नाही. स्वतःचा कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग), बॅटरीचे स्वतःचे सॉफ्टवेअर, टाइप अप्रूव्हल (विक्रीआधी लागणारी चाचणी-मंजुरी) मिळालेली चांगली मॉडेल्स आणि टिकून राहिलेले डीलर असतील, तर बोलणी होऊ शकतात.

प्रतिस्पर्ध्याने हिस्सा घेतला म्हणजे कंपनी गिळली, असेही नाही. हीरो मोटोकॉर्पने २०१६मध्ये एथर या इलेक्ट्रिक स्कूटर कंपनीत पैसे घातले, पुढे २०२२मध्ये विडा ही स्वतःची इलेक्ट्रिक स्कूटरही काढली. एथर मात्र स्वतंत्र राहिली आणि २०२५मध्ये शेअर बाजारात उतरली.

बहुतेक वेळा मोठी कंपनी नुसती थांबते. त्याचे गणित असे. समजा, २०,००० स्कूटर विकल्या गेल्या आहेत. वॉरंटीच्या काळात ४ टक्के बॅटऱ्या बदलाव्या लागल्या आणि एका बॅटरीचा खर्च ४५,००० रुपये धरला, तर ८०० बॅटऱ्यांचे ३ कोटी ६० लाख होतात. खरेदीदार हे पैसे किमतीतून वजा करतो. शिवाय फेम या इलेक्ट्रिक वाहनांसाठीच्या केंद्राच्या योजनेतल्या अनुदानाची वसुली सरकारने काही कंपन्यांकडे मागितली होती, त्यामुळे जुन्या अनुदानाचा प्रत्येक कागद तो तपासतो. उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहन योजनेचा लाभ वाहन कंपनीला हवा असेल, तर समूहाची उलाढाल किमान १०,००० कोटी लागते. कोणताही छोटा स्टार्टअप तिथे पोचत नाही. म्हणजे तीच स्कूटर बनवायला मोठ्या कंपनीला कमी खर्च येतो. मग तिला घाई कशाला? भाव पडेपर्यंत ती वाट पाहते.

तुमच्या कंपनीची प्रकृती घरबसल्या तपासता येते. ‘वाहन’ डॅशबोर्ड या गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर जा. तिथे उभ्या अक्षावर ‘मेकर’, आडव्या अक्षावर ‘मंथ वाइज’ निवडा आणि मागच्या १८ महिन्यांचे आकडे वहीत उतरवा. हे नोंदणीचे आकडे आहेत, कंपनी डीलरला किती गाड्या पाठवते त्याचे नव्हेत. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या, २५० वॉटच्या आतल्या गाड्यांना नोंदणीच लागत नाही, म्हणून त्या इथे दिसणार नाहीत. सलग सहा महिने आकडे घसरत असतील आणि सणासुदीतही वर आले नसतील, तर ते गंभीर लक्षण आहे.

दुसरी तपासणी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर करायची. कंपनीची मूळ माहिती आणि तिच्या मालमत्तेवरचे बोजे तिथे फुकट दिसतात; १०० रुपये भरले की दाखल झालेली कागदपत्रेही उघडता येतात. पास-३ या अर्जात नवे शेअर कोणाला, किती किमतीला दिले ते असते. त्यात एखाद्या वाहन कंपनीचे नाव दिसले, तर चर्चेत तथ्य असू शकते. एमएसएमई-१ हा अर्जही बघा. लघुउद्योगांची देणी ४५ दिवसांपेक्षा जास्त थकली, की तो दर सहा महिन्यांनी भरावा लागतो. पुरवठादारांचे पैसे अडकू लागले, की सुटे भाग सगळ्यात आधी आटतात, हे लक्षात असू द्या.

आता वॉरंटी. इथे एकच गोष्ट निर्णायक आहे : व्यवहार शेअरचा झाला की मालमत्तेचा. शेअर विकले, तर कंपनी तीच राहते, मालक बदलतो. तुमच्याकडच्या वॉरंटी कार्डवर ज्या कंपनीचे नाव आहे ती जिवंत असते आणि तिची देणीही तिच्याकडेच राहतात. मालमत्ता विकली, म्हणजे नाममुद्रा, साचे, सॉफ्टवेअर, कारखाना, तर जुनी देणी आपोआप नव्या मालकाकडे जात नाहीत. करारात लिहिले असेल तेवढीच जातात. महिंद्राने २००८मध्ये पुण्याच्या कायनेटिक मोटरचा दुचाकी व्यवसाय ११० कोटींना घेतला, तो मालमत्तेचा व्यवहार होता. म्हणून बातमीत ‘विकत घेतली’ एवढे वाचून थांबू नका. ‘शेअर’, ‘हिस्सा’, ‘व्यवसाय’, ‘मालमत्ता’ यांपैकी नेमका कोणता शब्द वापरलाय ते बघा. आणि वॉरंटीची जबाबदारी कोणाची, हे नव्या मालकाला ईमेलने विचारून उत्तर लेखी घ्या. तोंडी ‘काळजी करू नका’ला काही किंमत नाही.

दिवाळखोरीतून विक्री झाली, तर परिस्थिती आणखी कठीण. प्रक्रिया सुरू झाली, की ग्राहक आयोगातले तुमचे प्रकरणही स्थगितीमुळे अडकते. जाहीर सूचनेनंतर दावा नोंदवायला जेमतेम दोन आठवडे मिळतात. कंपनी सावरण्याच्या मंजूर योजनेत ज्या दाव्यांना जागा नाही ते संपतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून वॉरंटीतला बिघाड आज असेल, तर आजच लेखी तक्रार करा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. गाडीची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची असते.

कंपनी बुडाली तर यंत्रापेक्षा सर्व्हर जास्त त्रास देतो. नेदरलँड्सच्या व्हॅनमूफ या ई-सायकल कंपनीने जुलै २०२३मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा मोबाइलशिवाय पूर्ण चालू न होणाऱ्या सायकलींचे काय, हा प्रश्न हजारो घरांत उभा राहिला. काउबॉय या तिच्या बेल्जियन प्रतिस्पर्ध्याने मालकांना आपली डिजिटल चावी जपून ठेवता यावी म्हणून एक ॲप काढले. तुमच्या गाडीलाही ॲप लागत असेल, तर इंटरनेट बंद करून ती चालू होते का, चार्ज होते का, हे या आठवड्यातच करून पाहा.

आणि हे जरूर करून ठेवा : बॅटरी, मोटर आणि चार्जरचे अनुक्रमांक फोटो काढून बिलासोबत ठेवा. सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीची उरलेली क्षमता कागदावर घ्या. ब्रेक पॅड, बेअरिंग, टायर बाजारात मिळतात; कंट्रोलर, डिस्प्ले आणि बॉडी पॅनल मिळत नाहीत, तेव्हा साठवायचेच असेल तर तेच. चार्जर बिघडला, म्हणून ‘४८ व्होल्टचा’ दुसरा आणून लावू नका. एनएमसी आणि एलएफपी हे लिथियम बॅटरीचे दोन प्रकार. ओळीने जोडलेल्या १३ सेलच्या एनएमसी बॅटरीला ५४.६ व्होल्टचा चार्जर लागतो, १६ सेलच्या एलएफपीला ५८.४ व्होल्टचा, आणि बाजारात दोन्ही ‘४८ व्होल्ट’ म्हणूनच विकले जातात. दुसरा चार्जर पहिल्या बॅटरीला लावला, तर प्रत्येक सेलवर ४.२ऐवजी जवळपास ४.५ व्होल्ट पडतात. बॅटरीतले संरक्षक सर्किट त्या वेळी निकामी असले, तर आग लागू शकते.

प्रश्न : मी अशाच एका स्टार्टअपमध्ये अभियंता आहे. माझ्याकडे ०.१ टक्क्यांचे ईसॉप, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क आहेत. कंपनी १०० कोटींना विकली गेली, तर मला १० लाख मिळतील ना? (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : बहुधा नाही. समजा, गुंतवणूकदारांचा हिस्सा ६० टक्के आहे, त्यांनी ९० कोटी घातलेत आणि करारात त्यांची मुद्दल आधी परत द्यायची अट आहे. मग १०० कोटींतले ९० त्यांचे. उरलेले १० कोटी बाकीच्या ४० टक्क्यांत वाटले जातील. त्यात तुमचा वाटा अडीच लाखांचा, आणि त्यातूनही ईसॉप वापरताना भरायची किंमत आणि कर जातील. मालकी बदलली तर अजून न पिकलेले (मुदत पूर्ण न झाल्याने हक्क न मिळालेले) ईसॉप लगेच पिकतात की रद्द होतात, हे तुमच्या मंजुरीपत्रात शोधा. तिथे काहीच लिहिले नसेल, तर एचआरला आत्ताच विचारा. विक्रीची घोषणा झाल्यावर कोणी बदलून देत नाही.

प्रश्न : अशाच एका इलेक्ट्रिक स्कूटर कंपनीची डीलरशिप घेतोय. अनामत पाच लाख मागतात. (एक वाचक, लातूर)

उत्तर : ही अनामत विनातारण असते, हे आधी समजून घ्या. मालकी बदलल्यास अनामत व्याजासह परत आणि न विकलेल्या गाड्या बिलाच्या किमतीने कंपनीने परत घ्यायच्या, ही दोन कलमे करारात घालून घ्या. कंपनी कबूल झाली नाही, तर डीलरशिप घेऊ नका.