विनोदी चित्रपट दाखवून इतिहास आणि वैज्ञानिक विचारपद्धती शिकवता येते का?

नक्की येते, पण अख्खा चित्रपट दाखवत बसू नका. चार-पाच मिनिटांचा एकच प्रसंग घ्या आणि सगळा तास त्याच्यावर घालवा.

मी वर्गात ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’ (१९७५) या ब्रिटिश विनोदी चित्रपटातला चेटकिणीचा प्रसंग दाखवते. गावकरी एका बाईला जाळायला निघालेत आणि एक सरदार त्यांना ‘विचार करायला’ शिकवतोय. चेटकिणी जळतात, लाकूडही जळतं, म्हणजे चेटकिणी लाकडाच्या. लाकूड तरंगतं, बदकही तरंगतं. तेव्हा बाईचं वजन बदकाइतकं भरलं, तर ती चेटकीण!

मुलं खळखळून हसतात. तिथेच चित्रपट थांबवायचा आणि विचारायचं, “गफलत नेमकी कुठल्या वाक्यात झाली?” हे सगळं चूक आहे हे प्रत्येकाला कळलेलं असतं, पण चुकीवर बोट ठेवता येत नाही. एकेक पायरी फळ्यावर लिहा. लाकूड जळतं म्हणून जळणारं सगळं लाकूड ठरत नाही, हे मुलं आपणहून शोधतात. मग गाडी घनतेवर येते: भलामोठा ओंडका तरंगतो, एवढासा खिळा बुडतो, मग तरंगण्याचा निकाल वजनावरून कसा लावणार?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न यानंतरचा. चित्रपटात ती बाई खरोखरच बदकाइतकी भरते. मग सरदाराचं म्हणणं सिद्ध झालं का? भाकीत खरं ठरलं तरी त्यामागचा तर्क पोकळ असू शकतो, हे पाठ्यपुस्तकातून समजावणं फार अवघड जातं. इथे मुलं त्यावर तावातावाने भांडतात.

इतिहासासाठी हाच प्रसंग पुरतो. कथा इ.स. ९३२ मधल्या इंग्लंडमधली, पण युरोपात चेटकिणींच्या खटल्यांचा कहर झाला तो १६व्या-१७व्या शतकांत. शिवाय इंग्लंडमध्ये चेटकाच्या गुन्ह्याला जाळण्याऐवजी सहसा फाशी होत असे. वजनाची गोष्ट मात्र निव्वळ कल्पना नाही. नेदरलँड्समधल्या आउडवाटर गावच्या काट्यावर लोक स्वतःहून वजन करून घ्यायचे आणि आपण चेटकीण नसल्याचा दाखला म्हणून तिथला कागद जपून ठेवायचे.

मोठ्या मुलांना चॅप्लिनचा हिटलरची खिल्ली उडवणारा ‘द ग्रेट डिक्टेटर’ दाखवा. तो १९४० मध्ये आला, तेव्हा अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरलीही नव्हती. नाझींच्या छळछावण्यांमधली खरी भीषणता माहीत असती तर हा चित्रपट करूच शकलो नसतो, असं चॅप्लिनने पुढे आत्मचरित्रात लिहिलं. आधी चित्रपट दाखवा, मग हे सांगा, आणि १९४० साली सामान्य माणसाला काय काय ठाऊक असू शकत होतं, ते मुलांना शोधायला लावा.