पेट्रोल पंपाच्या कॅनोपीला (वरच्या छताला) एलईडी घेताना

भाऊ, नुसत्या वॅटवर जाऊ नको. दुकानदार 150 वॅट, 200 वॅट म्हणत राहीन, तू आधी हे विचार की फिटिंग किती डिग्रीपर्यंत चालते, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, त्यात कॅनोपीचा पत्रा तापला की फिटिंगजवळ त्याहून जास्त, अन् अशात एलईडीच्या आधी ड्रायव्हर, म्हणजे तिला करंट पुरवणारं सर्किट, मरते. 50 डिग्री अँबियंट (आजूबाजूच्या हवेचं) रेटिंग तरी पाहिजेच.

आयपी (धूळ-पाणी आत न जाण्याचं रेटिंग) 65 किंवा 66 घे, नाहीतर पावसाळ्यात किडे आत शिरून काचेवर मरून पडतात. सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे अचानक उसळलेल्या व्होल्टेजपासून बचाव, 10 केव्हीचं बघ.

आता मेन गोष्ट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खाली बसते, म्हणून मशीनजवळ, फिल पॉइंटजवळ (जिथून टँकर टाकीत पेट्रोल सोडते) साधं फिटिंग चालतच नाही, तिथं फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली आग बाहेर न जाऊ देणारं, लागते. पण सीएनजी हलका, तो वर जाऊन कॅनोपीखालीच साचू शकते! म्हणजे पुढं सीएनजी घ्यायचा विचार असला तर वरचे लाइट पण त्या हिशोबानं सर्टिफाइड बघ. पंपाचं ड्रॉइंग पेसोकडून (स्फोटक अन् ज्वलनशील मालाच्या सुरक्षेचं केंद्र सरकारचं खातं) पास झाल्याशिवाय ऑर्डर देऊ नको, त्याचं मुख्यालय तर इथंच नागपुरात आहे.

कलर 5000 केल्विनच्या आसपास बस झाला. 6500 चा निळसर उजेड काही मालकांना लय आवडते, मला तर डोळ्यात खुपते. डेमो रात्रीच मागव, अन् बाईकवर बसून बघ, मशीनचे आकडे डोळे न मिचकावता वाचता आले पाहिजे.