'मीन' हा शब्द मूळचा संस्कृत आहे का?

संस्कृतात तो फार जुना आहे, पण बहुतेक भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ द्राविडी मानतात, आणि मलाही तेच पटतं. ऋग्वेदात माशाला 'मत्स्य' म्हटलंय. पारशी धर्मग्रंथ अवेस्तातला 'मस्य' आणि फारसीतला 'माही' हे त्याचेच भाऊबंद. आपला 'मासा'ही 'मत्स्य'पासून, प्राकृत 'मच्छ'च्या वाटेने आला. 'मीन'ला मात्र इराणी किंवा युरोपीय भाषांत असं गणगोत नाही. उलट तमिळ-मल्याळममध्ये आजही बाजारात मीनच विकला जातो, कन्नड-तुळूत 'मीनु'. संस्कृतने तो तिकडून उचलला असावा.

खरी गंमत पुढे आहे. तमिळमध्ये 'मीन' म्हणजे ताराही! 'मिन' या चमकण्याच्या धातूशी दोन्ही अर्थ जोडले जातात. जुन्या तमिळमध्ये कृत्तिका म्हणजे 'अरुमीन', सहा तारे; सप्तर्षी म्हणजे 'एळुमीन', सात तारे.

सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर माशाचं चिन्ह वारंवार येतं, कधी त्याच्याआधी सहा किंवा सात उभ्या रेघा असतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर हेरास यांनी ते चिन्ह 'मीन' असं वाचलं, म्हणजे सहा रेघा आणि मासा मिळून 'अरुमीन'; पुढे फिनलंडच्या आस्को पार्पोलांनी ही मांडणी विस्ताराने केली. लिपी अजून उलगडलेली नाही, त्यामुळे याला तर्कच म्हणायचं. पण माझ्या मते आजवरच्या तर्कांतला सर्वांत देखणा.

मराठीत 'मीन' उरला तो राशीत आणि मीनाक्षीसारख्या नावांत. कोळणीच्या पाटीत मासळीच!